हालेआकाला: सूर्योदय पाहून परतायचं की आत उतरायचं?

मे महिन्यात हवाईतल्या माउई बेटावर जाताना हालेआकाला या ज्वालामुखीवरून फक्त सूर्योदय पाहावा की विवरातही उतरावं, आणि तो पुन्हा फुटेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

फुटण्याचं आधी. तो निद्रिस्त आहे, मृत नाही. गेल्या 1,000 वर्षांत तिथे किमान 10 उद्रेक झाले. शेवटचा 1480 ते 1600 च्या दरम्यानचा. जुन्या माहितीपत्रकांतलं 1790 हे साल आता मानलं जात नाही. भूकंपमापकांचं लक्ष असतं, त्यामुळे या भीतीने बेत बदलू नका.

ज्याला सगळे विवर म्हणतात ते स्फोटाने झालेलं नाही. पावसाने कोरलेल्या दोन दऱ्या, केआनाए आणि काउपो, माथ्यापाशी एकमेकींना भिडल्या आणि हा सुमारे 11 किमी लांब, 3 किमी रुंद खळगा तयार झाला. नंतरच्या उद्रेकांनी त्याचा तळ लाव्ह्याने भरला आणि वर सिंडरच्या टेकड्या उभ्या राहिल्या. सिंडर म्हणजे वायूने फुगून हवेतच थिजलेले सच्छिद्र खडे. त्यांतल्या लोहाचं तप्त वाफेने ऑक्सिडीकरण झालं तिथे उतार लाल, नाही तिथे काळे. हे रंग काठावरून अर्धेच कळतात, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आत उतराच.

पण सह्याद्रीचा हिशेब इथे उलटा होतो. गडावर आधी चढतो, दमलो की मागे फिरतो. इथे आधी उतार, आणि दमल्यावर 3,000 मीटरच्या विरळ हवेत चढ. शिवाय सिंडरमध्ये प्रत्येक पाऊल थोडं मागे घसरतं. उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा आणि एकतृतीयांश वेळ सरला की परत फिरा. स्लायडिंग सँड्स वाटेने पहिल्या टेकडीपर्यंत जाऊन-येऊन साधारण 8 किमी आणि सुमारे 425 मीटरचा चढ-उतार होतो. घरच्यांसोबत एवढं पुरे. पाय तयार असतील तर 18 किमीची आडवी चाल करा: गाडी हालेमाउउ या दुसऱ्या वाटेच्या वरच्या टोकाशी, गाडीतळावर ठेवून वर कुणाच्या तरी गाडीने जा, स्लायडिंग सँड्सने उतरा आणि हालेमाउउच्या वळणांनी बाहेर या. शेवटचा चढ सुमारे 400 मीटरचा, पण पायाखाली घट्ट.

पाणी माणशी 3 लिटर. सच्छिद्र जमिनीत पाऊस लगेच मुरतो, त्यामुळे वाटेत झरा मिळत नाही. सावलीही नाही. पहाटे तापमान शून्याच्या आसपास असू शकतं आणि वारा बोचरा. वाराप्रतिबंधक जाकीट, कानटोपी, हातमोजे हवेतच. समुद्रसपाटीवरून दीड-दोन तासांत गाडी थेट 3,055 मीटरवर नेते, म्हणून डोकं दुखणं, मळमळणं साहजिक आहे. त्यावर उपाय एकच, खाली उतरणं. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर किमान 24 तास वर जाऊ नका.

वाट सोडू नका. रुपेरी पात्यांची आहिनाहिना ही वनस्पती इथेच वाढते, कित्येक वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. तिची मुळं उथळ असतात; जवळ पाऊल पडलं तरी चिरडतात. दगड उचलायलाही बंदी आहे.

पहाटे 3 ते 7 दरम्यान गाडी इथल्या राष्ट्रीय उद्यानात न्यायला आगाऊ आरक्षण लागतं. ते 60 दिवस आधी उघडतं, थोडी तिकिटं दोन दिवस आधी सुटतात. प्रवेशशुल्क वेगळं. न मिळालं तर सूर्यास्ताला जा, त्याला आरक्षण नाही. उद्यानात पेट्रोल आणि खाणं मिळत नाही. टाकी वाटेवरच्या पुकालानी गावातच भरा.