पेल्यातलं पाणी, पाळणाघराचं दार आणि सत्तरीतली पेटी : विकासाच्या मानसशास्त्रावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या विकासाच्या प्रमुख सिद्धान्तांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

मी टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी करते आहे. पियाजेचा पाण्याच्या पेल्यांचा प्रयोग घरी करून पाहिला. पाच वर्षांची भाची एकदा ‘सारखंच’ म्हणाली, एकदा ‘उंच पेल्यात जास्त’. आठ वर्षांचा पुतण्या पाण्याचं बरोबर सांगतो, पण मातीचा गोळा चपटा केला की त्याचं वजन बदललं म्हणतो. त्याची अवस्था कोणती धरायची? (लातूर)

आधी पुतण्या. त्याच्यात काही मागे पडलेलं नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या निरीक्षणानुसार ‘रूप बदललं तरी प्रमाण तेच राहतं’ ही समज सगळ्या बाबतींत एकदम येत नाही. वस्तूंच्या संख्येबद्दल ती सहा-सातच्या सुमारास येते, पाणी आणि मातीच्या प्रमाणाबद्दल सात-आठला, वजनाबद्दल नऊ-दहाला आणि बुडालेल्या वस्तूने व्यापलेल्या जागेबद्दल अकरा-बाराला. परीक्षेत ‘मूर्त क्रियात्मक अवस्था (समोरच्या वस्तूंबद्दल तर्क करता येण्याची), ७ ते ११ वर्षं’ असंच लिहा, गुण त्यालाच आहेत. वर्गात मात्र वयाच्या आकड्यापेक्षा हा क्रम उपयोगी पडतो. तो फारसा बदलत नाही. वयं मात्र मुलागणिक आणि शाळेगणिक मागेपुढे होतात.

भाचीच्या बाबतीत बहुधा प्रयोगाची पद्धत आड आली. एकसारखे दोन पारदर्शक पेले घ्या आणि तिसरा उंच, अरुंद. पहिल्या दोन्हींत साधारण १५० मिली रंगीत पाणी घाला. सरबत नको, ते आपल्याला जास्त मिळावं याकडेच मुलाचं लक्ष जातं. दोन्ही सारखे आहेत हे मुलाने स्वतः म्हटलं पाहिजे. नाही म्हटलं, तर त्याच्या हाताने थेंब थेंब कमी-जास्त करू द्या. मग त्याच्या डोळ्यांसमोर एका पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओता आणि विचारा, ‘आता दोन्हींत सारखं आहे, की एकात जास्त?’ उत्तर आलं की लगेच ‘कशावरून?’ विचारा. खरी चाचणी इथे आहे. ‘नवीन ओतलंच नाही’, ‘परत ओतलं तर तेवढंच होईल’, ‘हा उंच आहे पण बारीक आहे’, यांपैकी एक जरी कारण आलं तरी समज पक्की आहे. नुसतं ‘सारखंच’ हा अंदाजही असू शकतो.

चूक कुठे होते? पाणी ओतण्याआधी आणि नंतर तोच प्रश्न विचारला, की लहान मुलाला वाटतं, मोठ्यांनी पुन्हा विचारलं म्हणजे पहिलं उत्तर चुकलं. रोझ आणि ब्लँक यांनी १९७४ मध्ये, पाण्याऐवजी वस्तूंच्या ओळी घेऊन, प्रश्न फक्त बदल केल्यानंतर, एकदाच विचारून पाहिला आणि चुका कमी झाल्या. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि एक ओळ मोठ्या माणसाऐवजी एका ‘खोडकर’ टेडीकडून विस्कटवली. नेहमीच्या पद्धतीत चार ते सहा वर्षांच्या मुलांपैकी १६ टक्क्यांच्या आसपास बरोबर होती. टेडीने गोंधळ घातल्यावर हे प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे गेलं. मोठ्या माणसाने मुद्दाम काही केलं, म्हणजे काहीतरी बदललं असणार, असा मुलाचा हिशेब असतो आणि तो अगदीच वेडा नाही. पियाजेने मुलांची समज कमी लेखली हा आक्षेप अशाच प्रयोगांवर उभा आहे. भाचीकडून पुढच्या वेळी आधी पेले सारखे भरून घ्या आणि प्रश्न फक्त ओतल्यानंतर एकदाच विचारा, तेही काही दिवस मध्ये जाऊ देऊन.

पियाजे बरोबर की वायगॉट्स्की? (डी.एल.एड. विद्यार्थी, चिपळूण)

दोघांचाही जन्म १८९६ चा, पण रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की १९३४ मध्येच गेला, त्यामुळे समोरासमोर वाद फारसा झालाच नाही. पियाजे विचारतो, मूल एकट्याने काय करतं? वायगॉट्स्की विचारतो, थोड्या मदतीने ते कुठवर जातं? दुसरा प्रश्न शिक्षकाच्या जास्त कामाचा, असं आमचं मत. एक खबरदारी घ्या. शिकताना तात्पुरता आधार देणाऱ्या ‘मचाणा’ची कल्पना वायगॉट्स्कीच्या नावावर खपवली जाते, ती वुड, ब्रुनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातली आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला होता. त्यात मूल अडलं की मदत एक पायरी वाढवायची आणि जमलं की लगेच कमी करायची. आपल्या वर्गांत वाढवणं नीट होतं, कमी करायचं राहून जातं.

बाळ १३ महिन्यांचं आहे. पाळणाघरात सोडताना आकांत करतं. हा ‘असुरक्षित अनुबंध’ असल्याचं एका ॲपने सांगितलं. घरी तपासता येईल का? (पुणे)

नाही. अनुबंध म्हणजे बाळाची आईशी किंवा सांभाळणाऱ्याशी असलेली भावनिक बांधिलकी, आणि रडण्यावरून ती ठरतच नाही. मेरी एन्सवर्थ यांची चाचणी १२ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी आहे. तिच्यात आठ छोटे प्रसंग असतात. पहिला अर्ध्या मिनिटाचा, बाकीचे साधारण तीन-तीन मिनिटांचे. बाळ फार घाबरलं तर लवकर थांबवायचे. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. प्रशिक्षित निरीक्षक मुख्यतः परत येण्याचे क्षण पाहतात. सुरक्षित बाळ रडलेलं असलं तरी आईकडे येतं, शांत होतं आणि खेळाकडे वळतं. दुसरं तोंड फिरवतं. वरून थंड दिसतं, पण हृदयाचे ठोके वाढलेले असतात. तिसरं चिकटतं आणि ढकलतंही. चौथा, विस्कळीत प्रकार मेन आणि सॉलोमन यांनी १९८६ मध्ये जोडला.

जपानमधल्या अभ्यासात तिसऱ्या गटाची बाळं अमेरिकेपेक्षा जास्त निघाली. ज्या बाळाला कधी एकटं ठेवलंच जात नाही, त्याला तीन मिनिटांचा एकांतही डोईजड होतो. घरात सतत कुणाच्या तरी कडेवर असलेल्या आपल्या बाळांबद्दल निष्कर्ष काढताना हे ध्यानात ठेवावं. शिवाय दहा ते अठरा महिने हा विरहाच्या रडण्याचा भर असतोच.

करायचं ते असं. पहिले तीन-चार दिवस तुम्ही तिथेच बसा. मग १५-२० मिनिटं बाहेर जा, मग तास, मग अर्धा दिवस. रोज त्याच ताईंनी बाळाला घ्यावं. गुपचूप सटकू नका. त्याने बाळ पुढे तुमच्यावर सतत पहारा ठेवतं. ‘पाच वाजता येते’ याऐवजी ‘खाऊ झाला की येते’ म्हणा आणि तेव्हाच या. महिनाभरानंतरही बाळ तिथे खात नसेल, कुणाच्याच कडेवर शांत होत नसेल, तर एका ताईकडे किती मुलं आहेत ते पाहा.

मुलगा १९ वर्षांचा. इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं. याला एरिक्सनचा ‘ओळखीचा पेच’ म्हणायचं की आळस? (सांगली)

‘मी कोण आणि मला काय करायचंय’ हा तरुणपणीचा प्रश्न म्हणजे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने सांगितलेला हा पेच. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये तो मोजण्याजोगा केला. ते मुलाखतीत दोनच गोष्टी पाहत : शोध घेतलाय का आणि कशाला बांधून घेतलंय का. शोध चालू पण निर्णय नाही, ही थांब्याची स्थिती. शोधही नाही आणि निर्णयही नाही, ही विखुरलेली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून पालक फसतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत त्याने कुणाशी बोलणं केलं, काही करून पाहिलं, एखादा पर्याय नाकारला का, हे शांतपणे विचारा. उत्तरं मिळाली तर मुदत ठरवून वेळ द्या.

तिसऱ्या स्थितीची चर्चा आपल्याकडे कमी होते : शोध न घेताच बांधून घेणं. बारावीनंतर घराने ठरवलेली शाखा मुकाट्याने घेणारा मुलगा ‘मार्गी लागला’ असं वाटतं. तुमच्या मुलाचा पहिला प्रवेश असाच झाला होता का, हेही पाहा.

झोप, जेवण आणि मित्र तिन्ही सुटले असतील तर सिद्धान्त बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

वय ७२. भजनी मंडळात पेटी वाजवतो. बोटं मंदावली, नावं आठवत नाहीत. एरिक्सनची आठवी पायरी गाठल्यावर विकास संपतो का? आणि हे सारं आपल्या चार आश्रमांतच नाही का? (सावंतवाडी)

आश्रमांची तुलना सुधीर कक्कर यांनी १९६८ मध्येच केली होती. साम्य आहे, पण आश्रम कसं जगावं ते सांगतात. एरिक्सन कोणत्या वयात मनात काय झुंजतं ते सांगतो. त्याची आठवी पायरी, म्हणजे वार्धक्यात मागे वळून आयुष्याचा हिशेब मांडण्याची, हीही शेवटची राहिली नाही. ऐंशी-नव्वदीतल्या परावलंबनासाठी जोन एरिक्सन यांनी १९९७ मध्ये नववी जोडली.

तुमच्या पेटीसाठी मात्र वार्धक्याचे अभ्यासक पॉल बाल्टेस उपयोगाचे. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण ते देत. वय वाढल्यावर रुबिनस्टाइन यांनी वाजवायच्या रचना कमी केल्या, उरलेल्यांचा सराव वाढवला आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ घेतला, म्हणजे पुढचा आपोआप जलद वाटे. तुम्हीही पंधरा-वीस अभंग निवडा, तेवढ्यांचाच रोज सराव करा, द्रुत लयीआधीची ओळ सैल सोडा.

विस्मरणाबद्दल : वेग आधी घटतो, शब्दसंपदा बराच काळ टिकते. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून अमेरिकेतल्या सिएटलमध्ये त्याच माणसांना दर सात वर्षांनी तपासलं. बहुतेक क्षमतांची ठळक घसरण साठीनंतरच दिसली. त्याआधीच्या अभ्यासांत ती फार लवकर सुरू झालेली दिसे, कारण तरुण आणि म्हातारे एकाच दिवशी तपासले जात आणि म्हाताऱ्यांचं शिक्षणच कमी झालेलं असे. नाव ओठांवर येऊन अडकणं आणि नंतर आठवणं हे वयाचं. ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं हे वयाचं नाही. तसं होत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन ऐकू येणं, बी-१२ आणि थायरॉइड आधी तपासून घ्या.