स्वतःचा ऑथोरिटेटिव्ह डीएनएस: सर्व्हरवर उत्तर येतं, बाहेरून का येत नाही?

स्वतःच्या डोमेनची अधिकृत उत्तरं स्वतःच द्यायची (ऑथोरिटेटिव्ह डीएनएस) म्हणून डेबियन लिनक्सवर बाइंड ९ हा डीएनएस सर्व्हर टाकलाय, झोन फाइल (डोमेनमधल्या नावांच्या नोंदींची फाइल) लिहिलीय, सर्व्हरवरच डिग (डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड) मारलं तर पत्ता मिळतो, पण बाहेरून डोमेन उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी बाइंडवर संशय घेण्याआधी रजिस्ट्रारचं (जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीचं) पॅनल उघडा.

नेमसर्व्हरचं (डोमेनची उत्तरं देणाऱ्या सर्व्हरचं) नाव त्याच डोमेनमधलं असेल (एनएस१.माझेडोमेन.इन), तर नुसतं नाव भरून भागत नाही. त्या नावाचा आयपी ज्याला विचारायचा, तो सर्व्हर हाच! म्हणून वरच्या डॉट इन झोनमध्ये आयपीसकट ग्लू रेकॉर्ड (नेमसर्व्हरचं नाव आणि त्याचा आयपी सांगणारी नोंद) जावा लागतो. पॅनलवर तो बहुधा 'चाइल्ड नेमसर्व्हर' या नावाखाली सापडतो. आधी तो नोंदवा, मग नेमसर्व्हर बदला.

आता घरच्या किंवा मोबाइलच्या नेटवरून थेट सर्व्हरच्या आयपीला डिगने विचारा. टाइमआउट आला तर फायरवॉल: पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हींवर उघडा, होस्टिंगच्या पॅनलमधलाही. (टीसीपी बंद असेल तर छोटी उत्तरं जातात, मोठी अडकतात.) 'रिफ्यूज्ड' आलं तर तो झोन बहुधा कॉन्फिगमध्येच नाही. 'सर्व्हफेल' म्हणजे झोन आहे, पण फाइल लोड झालेली नाही. लॉगमध्ये ओळ क्रमांक मिळेल. सगळं नीट असेल तर उत्तरात 'एए' फ्लॅग (उत्तर अधिकृत असल्याची खूण) दिसतो.

झोन फाइलमध्ये हमखास नडतो तो शेवटचा टिंब. पूर्ण नावानंतर तो राहिला की बाइंड पुढे डोमेन पुन्हा जोडतं: मेल.माझेडोमेन.इन.माझेडोमेन.इन. बाइंडसोबत येणारी झोन तपासायची कमांड 'नेम्ड-चेकझोन' कॅपिटल डी पर्यायासह चालवा. सगळी नावं विस्तारून छापली जातात, चूक लगेच दिसते. प्रत्येक बदलाला सीरियल (झोनचा आवृत्ती क्रमांक) वाढवा (२०२५०६१५०१ अशा धर्तीवर: तारीख आणि त्या दिवशीचा कितवा बदल), नाहीतर सेकंडरी (झोनची प्रत ठेवणारा दुसरा नेमसर्व्हर) जुनाच झोन देत बसेल.

रिकर्शन (इतर डोमेनची उत्तरं शोधून देणं) पूर्ण बंद ठेवा आणि झोन ट्रान्सफर (अख्ख्या झोनची प्रत) फक्त सेकंडरीला द्या, शक्यतो टीसिग किल्लीने (दोन्ही सर्व्हरना ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने). तो सेकंडरी वेगळ्या नेटवर्कवर हवा. एकाच आयपीला एनएस१ आणि एनएस२ अशी दोन नावं देणं ही निव्वळ धूळफेक आहे.

दुरुस्तीनंतरही काही ठिकाणी 'नाव सापडत नाही' येत राहील. हे नकारात्मक उत्तर किती वेळ कॅशमध्ये राहील, ते मुख्यतः एसओएमधला (झोन फाइलच्या सुरुवातीच्या, सीरियल असलेल्या नोंदीतला) शेवटचा आकडा ठरवतो. सुरुवातीला तो ३०० सेकंद ठेवा.