शोधनिबंध उघडायला पैसे मागतात, मग आमच्यासारख्यांनी नवं संशोधन वाचायचं कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात एम.एस्सी. करताय, किल्लारीच्या भूकंपावर प्रकल्प घेतलाय. शोधनिबंधाच्या लिंकवर गेलं की गोषवारा दिसतो आणि खाली ३५ डॉलर मागतात. मोफत मिळणाऱ्या जर्नलांबद्दल सर म्हणतात की ती सगळी बोगस. मग कायदेशीर मार्गाने वाचायचं कुठून, आणि मोफत जे मिळेल त्यावर विश्वास ठेवायचा का?

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, बावीस वर्षं झाली. माझ्या टेबलासमोर उभं राहून हाच प्रश्न कितीतरी मुलामुलींनी विचारलाय. त्यात तुमचा विषय किल्लारीचा आणि माझं माहेर किल्लारीच्याच औसा तालुक्यातलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरांच्या मुद्द्याकडे येते, कारण त्यांना जे दिसलंय ते खरंच वाईट आहे. आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या मोबाइलवर आजही मेसेज येतात: आंतरराष्ट्रीय जर्नल, आयएसएसएन क्रमांकासह, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, पंधराशे रुपये भरा, तीन दिवसांत निबंध छापून सर्टिफिकेट घ्या. तीन दिवसांत कुठला तज्ज्ञ निबंध तपासतो? पदोन्नतीला गुण हवेत, म्हणून हा बाजार वाढला. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) आपल्याच मंजूर यादीतून ४,३०५ जर्नलं एका झटक्यात काढली, यावरून पसारा किती होता ते कळेल. आयएसएसएन हा नुसता नोंदणीचा क्रमांक आहे. तो मिळाला म्हणजे आतला मजकूर कुणी तपासलाय असं होत नाही.

पण यावरून 'मोफत ते बोगस' असं म्हणणं म्हणजे रस्त्यावर एकदा भेसळीचं दूध मिळालं म्हणून घरची म्हैस विकण्यासारखं आहे. वाचकाला निबंध मोफत मिळतो की विकत, आणि तो निबंध नीट तपासून छापलाय की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. महागड्या जर्नलांतही खोटे निबंध निघालेत आणि ते मागे घ्यावे लागलेत.

मुळात हा व्यवहार कसा चालतो ते बघा. शास्त्रज्ञाचा पगार आणि प्रयोगाचा खर्च बहुतेक वेळा सरकार, म्हणजे आपणच भरतो. निबंध लिहिल्याचे त्याला पैसे मिळत नाहीत. तो तपासणारे इतर शास्त्रज्ञही सहसा फुकट तपासतात. मग प्रकाशक तोच निबंध ग्रंथालयांना वर्गणी लावून विकतो. मी नोकरीला लागले तेव्हा आमचं ग्रंथालयाचं वर्षाचं बजेट अशा एखाद्या परदेशी जर्नलच्या वर्गणीलाही पुरलं नसतं. याला पहिला मोठा छेद दिला भौतिकशास्त्रज्ञांनी. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये अर्काइव्ह नावाचा साठा सुरू केला. छापण्याआधीच निबंधाची प्रत तिथे ठेवायची आणि जगात कुणीही ती वाचायची. पुढे फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने या विचाराला ओपन ॲक्सेस हे नाव आणि व्याख्या दिली.

आता खर्च कुणी करायचा, हा प्रश्न उरतोच. काही जर्नलं वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घेतात. 'नेचर'ने २०२० मध्ये हा आकडा ९,५०० युरो सांगितला होता. मराठवाड्यातल्या प्राध्यापकाने एवढे पैसे कुठून आणायचे? या पद्धतीवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. वाचणाऱ्यासाठी दार उघडलं, पण लिहिणाऱ्यासाठी लावून घेतलं. पंधराशे रुपयांचे ठगही याच फटीतून शिरले. काही जर्नलं मात्र दोघांकडूनही काही घेत नाहीत, खर्च एखादी संस्था उचलते. बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'रेझोनन्स' १९९६ पासून विद्यार्थ्यांसाठीच निघतं, अकॅडमीच्या साइटवर त्याचे अंक मोफत वाचता येतात. 'करंट सायन्स' तर १९३२ पासूनचं. सरांना हे दोन अंक उघडून दाखवा, वाद घालावा लागणार नाही.

आणि एक ताजं उदाहरण दाखवा. १४ जानेवारी म्हणजे आपल्याकडे संक्रांत, आणि १९९४ पासून मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन. २०२५ च्या त्या दिवशी, आपल्याकडे दुपारचे दोन वाजायला आठ मिनिटं कमी असताना, अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगो वेधशाळांनी, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रांनी, एक थरथर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर, प्रत्येकी सूर्याच्या तीसहून जास्त पट वजनाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. दहा वर्षांत यंत्रं इतकी सुधारली होती की हा संकेत २०१५ च्या पहिल्या संकेतापेक्षा कितीतरी स्पष्ट आला. त्यावरून स्टीफन हॉकिंग यांचं १९७१ चं एक म्हणणं पडताळता आलं: कृष्णविवरं मिसळली तर एकूण पृष्ठभागाचं क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. आधी दोघांचं मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होतं, नंतर सुमारे ४ लाख भरलं. मी मुलांना सांगताना म्हणते, आधी दोघं मिळून आपल्या महाराष्ट्रापेक्षा लहान होते, नंतर महाराष्ट्रापेक्षा मोठे झाले. हा निबंध सप्टेंबर २०२५ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. त्या क्षेत्रातलं हे अव्वल जर्नल, आणि हा निबंध एक रुपया न देता उघडतो.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण लायगोची भारतातली वेधशाळा आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केलेत. गावात जमिनीबद्दल बोलणं होतं, गुत्तेदारांबद्दल होतं, पण तिथे नेमकं काय मोजणार हे विचारलं की लोक गप्प होतात. लायगोवाले निबंधांसोबत मोजमापांचा कच्चा डेटाही खुला ठेवतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या बी.एस्सी.च्या चार मुलांनी ग्रंथालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर १४ सप्टेंबर २०१५ च्या संकेताची ३२ सेकंदांची फाइल उतरवली आणि तिथेच दिलेल्या प्रोग्रॅमने त्याचा आलेख काढला. सेकंदाच्या पाचव्या हिश्शातली ती चढत जाणारी लहर पडद्यावर आली तेव्हा त्यातला एक जण, घरी हळदीचं शेत असलेला, कितीतरी वेळ उठलाच नाही. त्या फाइलसाठी त्याला कुणाची सही लागली नव्हती की कुणाची ओळख.

आता तुमचा विषय. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सातवीत होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ६.२ तीव्रता म्हणजे जगाच्या हिशोबात फार मोठा भूकंप नव्हे, पण जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तोवर दख्खनचा हा भाग भूगर्भदृष्ट्या शांत, स्थिर म्हणूनच ओळखला जायचा. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ इथे आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर, म्हणजे बोअर, घेतलं. काळा बेसाल्ट ३३८ मीटरला संपला आणि खाली फार जुना, ग्रॅनाइटच्या कुळातला खडक लागला.

हे सगळं निबंधांत आहे, आणि त्यातले बरेचसे वर्गणीच्या जर्नलांत अडकलेत. सात-आठ वर्षांपूर्वी किल्लारीकडचीच एक मुलगी आमच्याकडे शिकायला होती. तिच्या घरातली तीन माणसं त्या पहाटे गेली होती, तिच्या जन्माच्या आधी. तिला त्या विवरावरचा निबंध वाचायचा होता आणि तिलाही असेच डॉलर मागितले गेले. तिच्या गावाखाली काय आहे हे जाणण्यासाठी तिने पैसे भरायचे! आम्ही दोघींनी मिळून लेखकाला चार ओळींचा इमेल लिहिला. तिसऱ्या दिवशी पीडीएफ आली, सोबत आणखी दोन निबंध. ती दुपारभर वाचत बसली आणि मग येऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या बोअरला जो काळा दगड लागतो तोच हा. त्याच्या तळापर्यंत हे लोक गेले."

तर तुमच्यासाठी पहिला मार्ग हाच. पत्रव्यवहाराच्या लेखकाचा इमेल गोषवाऱ्याजवळच दिलेला असतो. कोण आहात, कशासाठी हवंय आणि निबंधाचं पूर्ण नाव, एवढंच लिहा. लाजू नका. आपलं काम कुणीतरी वाचतंय याचा शास्त्रज्ञाला आनंदच होतो.

इमेलच्या आधी मात्र गुगल स्कॉलरवर निबंधाखालचं 'ऑल व्हर्जन्स' दाबून बघा. लेखकाने आपली प्रत संस्थेच्या साठ्यात ठेवली असेल तर तिथे सापडते. अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडलंत तर मोफत कायदेशीर प्रत असेल तिथे बाजूला हिरवं कुलूप दिसतं. प्रबंधांसाठी शोधगंगा आहे, तिथे भारतीय विद्यापीठांचे लाखो पीएच.डी. प्रबंध पूर्ण वाचता येतात, शेतीचे कृषिकोशावर. प्रबंधाचं दुसरं प्रकरण आधी वाचा. त्यात त्या विषयावरचं जुनं काम कुणीतरी तुमच्यासाठी आधीच गोळा केलेलं असतं. आणि शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. परदेशी लेखकांनी किल्लारीचं 'खिल्लारी' केलंय, काहींनी नुसतं 'लातूर' लिहिलंय. तिन्ही टाकून बघा, मुलं इथेच चुकतात. 'करंट सायन्स'चे १९९३-९४ चे अंकही चाळा.

प्रकाशकांच्या परवानगीशिवाय निबंध फुकट देणाऱ्या साय-हब या साइटचं नाव तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती साइट भारतात बंद करायला सांगितली आहे. तुम्ही कायदेशीर मार्ग विचारलाय, म्हणून तो रस्ता सोडा.

केंद्र सरकारच संस्थांसाठी जर्नलांची वर्गणी भरतं त्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दलही ऐकलं असेल. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नलं. चांगली योजना आहे, पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांची, म्हणून तुमच्या लॉगिनला दार उघडत नाही. नांदेडला किंवा संभाजीनगरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसा, ओळखपत्र आणि ग्रंथपालाचं पत्र न्या. मी अशी पत्रं दर महिन्याला देते. आणि तीन वर्षांची वर्गणी संपली की ती पुन्हा भरावी लागते. खुला झालेला निबंध खुलाच राहतो, म्हणून माझा जीव त्याच्याकडे जास्त ओढतो.

तुमचा प्रकल्प पुढे निबंध झाला तर छापण्याआधी जर्नलचं नाव डीओएजे या तपासलेल्या ओपन ॲक्सेस जर्नलांच्या यादीत बघा. संपादक मंडळातल्या एकाला इमेल करून ते खरंच त्या मंडळावर आहेत का ते विचारा. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे अशी सक्ती उरलेली नाही. कुणी त्या भीतीवर पैसे मागत असेल तर देऊ नका.

जो निबंध उघडत नाहीये त्याचा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, इथेच खाली लिहा. किल्लारीच्या विवरावरचा असेल तर त्या मुलीला आलेल्या इमेलमधल्या शास्त्रज्ञांना कसं विचारायचं ते मी सांगेन. दुसरा असेल तर आज संध्याकाळी ग्रंथालय बंद करण्याआधी शोधून बघते.