कोरम, गणपूर्ती आणि चाहूल

प्रश्न असा आहे: जिवाणूंच्या ‘क्वोरम सेन्सिंग’साठी (पुरेशी दाटी झाली हे कळून सगळ्यांनी एकदम कामाला लागणं) ‘गणपूर्ती संवेदन’ हा शब्द वाचनात आला, तो योग्य आहे का?

अर्धा योग्य आहे, असं माझं मत.

‘क्वोरम’, म्हणजे आपला सभेतला ‘कोरम’, कामकाजासाठी लागणारी किमान उपस्थिती. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडमधल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या नेमणूकपत्रांतून तो सभेच्या कामकाजात आला. जीवशास्त्रात तो १९९४ साली आला. त्यामागची कथा अशी, की एक शास्त्रज्ञ आपलं काम घरच्यांना समजावत होते आणि नात्यातले एक वकील म्हणाले, हा तर कोरम झाला! त्याआधीचा शब्द होता ‘ऑटोइंडक्शन’. तो कोणाच्या तोंडी बसणार?

हवाईच्या किनाऱ्यावर एक चिमुकलं माकूल (स्क्विड) असतं. त्याच्या पोटाकडच्या अवयवात व्हिब्रिओ फिशरी हे जिवाणू राहतात. समुद्रात विखुरलेले असताना ते चमकत नाहीत, या अवयवात दाटी झाली की चमकतात. प्रत्येक जिवाणू एक बारीकसा रेणू बाहेर सोडत असतो. दाटी वाढली की तो साचतो, ठरावीक पातळी ओलांडतो आणि सगळ्यांचे प्रकाशाचे जनुक जागे होतात. पहाटे माकूल बहुतेक जिवाणू बाहेर टाकून देतं. रात्रीपर्यंत पुन्हा गणपूर्ती! (सोसायटीच्या सभेसारखी ‘अर्ध्या तासाने कोरमविना’ ही सोय इथे नाही.)

संख्या भरल्याशिवाय ठराव नाही, हे ‘गणपूर्ती’त नेमकं येतं. खटकतं ते ‘संवेदन’. शब्द चुकीचा नाही, पण त्यातून काहीच दिसत नाही. शिवाय सभेत कोणीतरी डोकी मोजतं, इथे मोजणारा कोणीच नाही. अंधारात शेजारी कोणी आहे हे आपल्याला न बघता जसं कळतं, तसं हे कळणं. त्याला मराठीत ‘चाहूल’ म्हणतात. म्हणून मी ‘गणपूर्तीची चाहूल’ लिहीन. परिभाषाकोशात सुटसुटीत ‘गणचाहूल’ही चालेल, जरी पहिल्यांदा ऐकताना थोडं हसू येईल.

एक मेख मात्र उरते. जागा फारच कोंदट असेल तर रेणू वाहून जात नाही, आणि मोजक्या जिवाणूंतही पातळी ओलांडली जाते. म्हणजे गण पुरा नसतानाच ठराव मंजूर! तिथे ‘गणपूर्ती’ लंगडी पडते, ‘क्वोरम’ही तितकाच. ‘चाहूल’ तेवढी टिकते, फक्त ती शेजाऱ्यांची की भिंतींची, हे जिवाणूला कळत नाही.