पायरीला हात का लावला?

चि. ओवी,

शनिवारी लंडनमधलं मार्गारेट स्ट्रीटवरचं ऑल सेंट्स चर्च बघून येताना बसमध्ये तू विचारलंस, "आई, आपण ख्रिश्चन नाही, मग आत शिरताना पायरीला हात लावून तो कपाळाला का लावलास?" मी "सवय गं" म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर मलाच पटलं नाही.

आपल्याकडे पायरीचा नमस्कार आत कोण आहे हे विचारून करत नाहीत. माझी आजी पुण्यात गुरुवार पेठेत राहायची. तिथल्या पंचहौद मिशनच्या चर्चवरून, पवित्र नाम देवालयावरून, जाताना तिचा हात आपोआप छातीशी जायचा, तसाच दर्ग्यापाशीही.

आणि पंचहौद तर ऑल सेंट्सच्या नात्यातलंच. काळ्या-लाल विटांचं ऑल सेंट्स वास्तुविशारद बटरफिल्डने १८५० ते १८५९ या काळात उभारलं. इंग्लंडच्याच चर्चमधल्या काही लोकांना जुनी पूजा परत हवी होती: धूप, जरीची वस्त्रं, मारियेची मूर्ती, पापनिवेदन. त्यांना अँग्लो-कॅथलिक म्हणतात. त्याच परंपरेतले ऑक्सफर्डचे फादर आणि इंग्लंडमधल्याच वाँटेज गावच्या सिस्टर पुण्यात पंचहौदला आल्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्ये वाँटेजलाच झाला.

साखळीला टांगलेलं धुपाटणं हलताना तू माझा हात ओढून म्हणालीस, "आजीच्या देवघराचा वास!" अगदी बरोबर. तो ऊद. मराठी बायबलात बाळ येशूला आणलेल्या भेटी आहेत सोनं, ऊद आणि गंधरस. आजी तिन्हीसांजेला निखाऱ्यावर चिमूटभर टाकायची तोही ऊदच.

पण आपली माणसं नेहमीच अशी मोकळी होती असं समजू नकोस. १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे, टिळक अशा मोठ्या माणसांवर ग्रामण्य झालं, म्हणजे त्यांना जातीबाहेर टाकायचा वाद उभा राहिला, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कप चहासाठी! हे वाचलं की मला अजूनही वाईट वाटतं. पायरीला हात लावायचा आणि आतल्या माणसाच्या हातचं पाणी नाही प्यायचं, हेही आपल्याकडे होतं. तुला दोन्ही माहीत हवं.

आजीच्या शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब होतं. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचं ताट यायचं, दिवाळीत आमचं जायचं. ताट घेऊन येणाऱ्या काकूंना आजी उभ्या उभ्या कधी जाऊ द्यायची नाही. ओट्याशी बसवून आलं घातलेला चहा द्यायची, घरातल्याच कपबशीतून.

तुझी,
आई