पाच लाखांची देणगी द्यावी, पण ताळेबंद पाहून

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय 67. पेन्शन आणि व्याज मिळून वर्षाला साधारण 6 लाख येतात. यजमानांच्या स्मरणार्थ गावाकडच्या वृद्धाश्रमाला एफडी मोडून 5 लाख द्यायचे आहेत. संस्थेला 80जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) आहे. हिशेब मागितले, तर "ऑडिट झालंय, काळजी करू नका" एवढंच उत्तर मिळालं. मुलगा नको म्हणतो. काय करू?

उत्तर : ताई, आजारपणाची तरतूद बाजूला ठेवूनही हे 5 लाख उरत असतील तर जरूर द्या. फक्त एका चेकने नको आणि हिशेब न पाहता तर नकोच. मुलाचं तेवढं ऐका.

आधी कराचं बघू. नव्या कररचनेत असाल तर 80जीची वजावट शून्य. जुन्या रचनेत अशा संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्मी वजावट मिळते, पण हिशेबात धरायची देणगी उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंतच. म्हणजे तुमच्या बाबतीत ढोबळमानाने 60,000 आणि त्याच्या निम्मे 30,000. एकदम 5 लाख दिले तरी 30,000च. दरवर्षी लाख दिलेत तर पाचही वर्षं 30,000 मिळतील. रोख देऊ नका; 2,000च्या वर रोखीला वजावट नाही. नुसत्या पावतीवर थांबू नका, 10बीई (वजावटीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र) मागा.

आता मुख्य मुद्दा. "ऑडिट झालंय" याचा अर्थ हिशेब तपासले गेले, एवढाच. तपासणीत काय निघालं ते कागदावरच कळतं. आपल्याकडे महाराष्ट्रात 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला ताळेबंद (संस्थेची मालमत्ता आणि देणी) अनुसूची आठ या ठरलेल्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्च अनुसूची नऊमध्ये मांडावे लागतात. संस्थेने दिले नाहीत तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन नकलेचा अर्ज करा किंवा 10 रुपये भरून माहिती अधिकारात मागा. सरकारी पैशावर न चालणारी संस्था स्वतः सहसा माहिती अधिकार कायद्यात येत नाही, पण तिने सरकारी कार्यालयात दाखल केलेले कागद येतात. हिशेब दाखलच झालेले नाहीत असं उत्तर आलं, तर तेही तुमच्या कामाचंच.

तीन वर्षांचे कागद हातात आले की अनुसूची नऊमध्ये आस्थापना खर्च (संस्थेचा कारभार चालवण्याचा) आणि ट्रस्टच्या उद्दिष्टांवरचा खर्च शेजारी ठेवून बघा. वृद्धाश्रमात किराणा, औषधं, आया-मावश्यांचे पगार यांवर पैसा जायला हवा. अनुसूची आठमध्ये 'विश्वस्तांना दिलेल्या उचली' अशी ओळ असते. तिथे वर्षानुवर्षं तोच आकडा पडून असेल तर मी तरी पैसे देणार नाही. ऑडिटरच्या अहवालात कुणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, असा थेट प्रश्नच असतो. त्याचं उत्तर वाचा. ऑडिटरची सही नीट वाचता येत नाही म्हणून मात्र संशय घेऊ नका, ती कुणाचीच वाचता येत नाही!

कागद समाधानकारक असतील तर पहिला लाख द्या. सोबत "ही रक्कम कायम निधीसाठी" असं सही केलेलं पत्र जोडा आणि त्याची पोच घ्या. असा निधी मोडून खर्च करायचा नसतो, ठरावीक प्रकारच्या गुंतवणुकीतच ठेवायचा असतो. पुढच्या ताळेबंदात एका बाजूला कायम निधीत तुमचा लाख आणि दुसऱ्या बाजूला तेवढी ठेव वाढलेली दिसली की दुसरा चेक लिहा.