ठाण्यातून दुर्बिणीशिवाय कोणते ग्रह दिसू शकतात?

ठाण्यातून नुसत्या डोळ्यांनी बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच ग्रह दिसू शकतात. शहरातील दिव्यांमुळे अंधूक तारे हरवतात, परंतु हे ग्रह पुरेसे तेजस्वी असल्याने टिकून राहतात. सर्वांत ठळक शुक्र, कारण त्याला वेढणारे सल्फ्युरिक आम्लाचे दाट ढग सूर्यप्रकाशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परावर्तित करतात. ग्रह ओळखण्याची माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे त्याचा स्थिर प्रकाश: तारा अतिशय दूर असल्याने केवळ बिंदूसारखा असतो आणि हवेच्या हालचालीने लुकलुकतो, तर ग्रहाची लहानशी का होईना तबकडी असल्यामुळे त्याचे तेज फारसे थरथरत नाही. मंगळ तांबूस दिसतो आणि साधारण २६ महिन्यांनी पृथ्वीजवळ आला की विशेष उजळतो. अडचण फक्त बुधाची आहे. तो सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधीच जात नाही, त्यामुळे सूर्यास्तानंतर थोडाच वेळ पश्चिमेला अगदी खाली दिसतो आणि ठाण्यात नेमका त्याच दिशेला येऊरचा डोंगर आडवा येतो. त्यासाठी वाशीचा खाडीकाठ अधिक सोयीचा, कारण तेथे पश्चिमेचे क्षितिज बरेच मोकळे मिळते. युरेनस, नेपच्यून आणि शनीची कडी पाहण्यासाठी मात्र दुर्बीण लागेलच.